शिळं पाणी

आमच्या मजल्यावर चार दारं होती आणि चारही बंद असायची. मी तक्रार करत नाहीये. बिल्डिंगमध्ये दारं बंदच असतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं, एवढंच. आयुष्याची पन्नास वर्षं मी गिरगावातल्या चाळीत काढली. तिथे दुपारचं दार लावून घेतलं तर शेजारीण कडी वाजवून विचारायची, घरात कोणाला बरं नाही का. इथे दार उघडं ठेवलं तर वॉचमन वर येऊन विचारायचा, काही प्रॉब्लेम आहे का.

चाळीतली खोली भावांनी विकायची ठरवली तेव्हा दोन हजार साल उलटून वर्ष-दोन वर्षं झाली होती. भाऊ दोघे, दोघांचे संसार, मुलं कॉलेजात. आणि मी बिनलग्नाची बहीण. माझ्या वाट्याला जे आलं त्यात मुंबईत काही बसत नव्हतं, म्हणून भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कात, दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन घेतलं. भाऊ म्हणाले, खाडी जवळ आहे, हवा छान येईल. हवा आली. उजेड तेवढा आला नाही. एजंटाने जागा दाखवली तेव्हा भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून ठेवले होते, आणि सगळी नोकरी ट्यूबलाइटखाली टायपिंग करण्यात घालवलेल्या मला त्यात काही वावगं वाटलं नाही. राहायला आल्यावर सकाळी दिवे बंद केले तेव्हा कळलं. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या बिल्डिंगचे पाइप हाताला लागत.

त्याच वर्षी आमच्या ऑफिसनेही गाशा गुंडाळला. आम्हा चार-सहा जणांना वेळेआधी निवृत्त करून मोकळं केलं. शेवटच्या दिवशी टेबलं, खुर्च्या, कपाटं भंगारवाला घेऊन गेला. फायलींच्या कपाटामागे एक कुंडी होती, तेवढी राहिली. गर्द हिरव्या पानांवर चंदेरी पट्टे असलेलं, गुडघाभर उंचीचं झाड. कित्येक वर्षं ते तिथे होतं. खिडकीपासून लांब, एसीच्या गारव्यात, ट्यूबच्या उजेडावर. नावाला साहेबांचं. पाणी मी घालायचे, तेही आठवण झाली की. भंगारवाल्याने कुंडीकडे पाहून नको म्हणून मान हलवली. मीही तिला तिथेच सोडून निघणार होते, पण माझं नवं घर आठवलं. तसल्या घरात राहू शकेल असं माझ्या ओळखीचं दुसरं कोणी नव्हतं. फोर्टहून भाईंदरपर्यंत कुंडी कशी आणली ते विचारू नका. आणली.

खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नर्सरी होती, तिथल्या माणसाने पानाचं वर्णन ऐकून नाव सांगितलं, अॅग्लोनेमा. घरी येईपर्यंत मी ते दोनदा विसरले. पण त्याची तऱ्हा मला आधीपासून माहीत होती. ऊन नको, उन्हात पानं करपतात. पाणी बेताचं, मातीत बोट खुपसायचं, आत खोलवर कोरडं लागलं तरच घालायचं. आठवड्याला जुन्या मलमलच्या ओल्या फडक्याने पानं पुसायची, मग ती अशी चमकतात की तेल लावलंय की काय वाटावं. बाकी काही मागणं नाही. तेव्हा मी गमतीने म्हणायचे, हे झाड आणि मी एकाच शाळेतले. म्हणायचे म्हणजे मनातल्या मनात. ऐकायला कोणी नव्हतं.

एक चूक मात्र केली. आमच्या बिल्डिंगला दोन नळ. एक बोअरिंगचा, त्याला दिवसभर पाणी, पण खाडीमुळे खारट, धुण्याभांड्याला वापरायचं. दुसरा पिण्याचा, म्युनिसिपालिटीचा, तो एक दिवसाआड सकाळी, तोही अर्धा-पाऊण तास. पिण्याचं पाणी झाडाला घालायला जीव होईना म्हणून सुरुवातीला मी बोअरिंगचं घातलं. पानांची टोकं भाजलेल्या पापडाच्या कडेसारखी तपकिरी झाली. तेव्हापासून माझ्या कळशीतलं एक फुलपात्र त्याचं ठरलं.

पहिल्याच हिवाळ्यात सी विंगमधले एक आजोबा गेले. एकटे राहायचे. मला ते डेअरीच्या रांगेत कळलं. त्यांच्या दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या तशाच लटकत राहिल्या होत्या, शेजाऱ्यांना वाटलं मुलीकडे गेले असतील. शेवटी दूधवाल्यानेच वॉचमनला सांगितलं. रांगेतली माणसं हळहळली, मग कोणीतरी म्हणालं, आजकाल कोणाचं कोणाला काय, आणि सगळ्यांनी मान डोलावून आपापल्या पिशव्या उचलल्या. मी घरी आले आणि ओट्यापाशी उभी राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. माझ्या दाराला दुधाची पिशवीसुद्धा लटकत नाही. मी स्वतः जाऊन आणते. म्हणजे मला काही झालं तर दूधवाल्यालाही कळायचं नाही.

मला भीती वाटली. तोवर मी कंटाळलेली होते, रुसलेली होते, भावांवर चिडलेली होते, पण घाबरलेली नव्हते. त्या दिवसापासून घाबरले. मरणाला नाही, बंद दाराआड पडून राहण्याला. भावांचे फोन यायचे, पण ते सणासुदीला. बाकी माझी चौकशी करायचं कोणाला काही कारणच नव्हतं. चूक कोणाची नव्हती. आमच्या समोर एक गुजराती कुटुंब होतं, नवऱ्याचा स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना, बाई घरी. तिला सगळे बेन म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. बेनच्या बाजूला रत्नागिरीकडचे नवरा-बायको आणि दोन मुली, ती वहिनी. चौथ्या दारात भाडेकरू, दर अकरा महिन्यांनी बदलणारे. त्यांची नावं लक्षात ठेवायच्या आत त्यांचा टेम्पो खाली लागायचा. या सगळ्यांची मला दिसणारी गोष्ट म्हणजे चपला. चपला दाराबाहेर असल्या की माणसं घरात.

झाड मी पॅसेजमध्ये ठेवलं त्यामागे काही बेत नव्हता. माझ्या खोलीत इतका अंधार होता की ऑफिसातल्या कपाटामागे वाढलेलं ते झाडही लांबट होऊ लागलं, नवी पानं बारकी येऊ लागली. पॅसेजमध्ये जिन्याच्या बाजूला सिमेंटची जाळी होती, तिच्यातून दिवसभर फिकट उजेड यायचा. ऊन नाही, नुसता उजेड. त्याला अगदी मानवेल असा. म्हणून कुंडी माझ्या दाराशेजारी, जाळीच्या अंगाला, थाळीवर ठेवली.

आता पाण्याची पद्धत सांगायला हवी. नळाला ताजं पाणी आलं की घरोघरी आदल्या वेळचं उरलेलं पाणी ओतून हंडा, कळशी, माठ विसळून नव्याने भरतात. आमच्याकडे गिरगावातही असंच होतं. शिळं पाणी प्यायचं नाही. पण हे पाणी शिळं असलं तरी गोडं असतं, मोजून-मापून भरलेलं असतं. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात ते मोरीत ओतताना बाईमाणसाचा हात धजत नाही. ते जायला काहीतरी चांगली जागा लागते. तुळस असली तर तुळशीला जातं. आमच्या मजल्यावर कोणाला गॅलरी नव्हती, खिडक्यांना जाळ्या, तुळशी उन्हाविना जगत नव्हत्या. अशा ठिकाणी मी एक कुंडी नेऊन ठेवली.

पहिल्यांदा बेल वाजली ती बेनची. कळशी कमरेवर, नवं पाणी यायची वेळ झालेली. झाडाला पाणी घातलं तर चालेल ना, तिने विचारलं. मी म्हटलं, घाला की. दोनच वाक्यं, पण त्या दिवशी मी ती पुन्हा पुन्हा आठवली. नंतर बेल वाजवायची थांबली, पण दार उघडं असलं की बेन दोन शब्द बोलायची. मग वहिनी. पाणी ओतता ओतता तिच्या मुलींच्या परीक्षा, गावचा आंबा, नवऱ्याची ड्युटी असं काहीबाही कानावर यायचं. चौथ्या दारातला त्या वर्षीचा भाडेकरूसुद्धा बाटल्या रिकाम्या करायला यायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा. पाण्याच्या दिवशी मी दार उघडं ठेवायला लागले. वॉचमन काही बोलला नाही.

आणि झाड पिवळं पडू लागलं.

खालची पानं आधी गेली. मग मधली मऊ पडली. कुंडीला वास यायला लागला, थाळीत डासांची पिल्लं वळवळताना दिसली. मी आपली माती बदल, खत घाल, पानं पूस. माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण मी प्रत्येकाला एकेकटंच बघत होते. एका सकाळी सर्दीने बेजार होते म्हणून दार उघडलं नाही आणि आतूनच दाराच्या भिंगातून बघत बसले. बेनने कळशी उपडी केली. पाठोपाठ वहिनीचं तपेलं. मग भाडेकरूच्या बाटल्या, एक, दोन, तीन. तिघांनाही वाटत होतं की या बिचाऱ्या झाडाला पाणी घालणारे आपणच.

माझं डोकं फिरलं. मुळात माझा स्वभाव असा की फिरायला फार वेळ लागत नाही. त्या झाडाला मी ऑफिसातून वाचवून आणलं, आणि ही मंडळी एक दिवसाआड त्याला बुडवतायत. चांगल्या जाड कागदावर मी मोठ्या अक्षरात मराठीत आणि खाली हिंदीत लिहिलं, कृपया झाडाला पाणी घालू नये. त्याखाली रेघ मारली. टायपिस्टची सवय. कागद भिंतीवर, कुंडीच्या अगदी वर चिकटवला आणि समाधानाने आत आले.

पाणी थांबलं. लगेच, त्याच आठवड्यात. कोणी काही बोललं नाही, वाद घातला नाही. माझ्या सांगण्याचा असा परिणाम ऑफिसात कधी झाला नव्हता. झाडाने महिन्याभरात मान वर केली, एक नवं पान सुरळी करून आलं. गणपतीत मी नारळाच्या वड्या केल्या आणि स्टीलच्या डिशमधून तिन्ही घरी दिल्या. दुसऱ्या दिवशी डिश परत आल्या. वहिनीच्या डिशमध्ये दोन केळी होती. बेनची डिश धुऊन-पुसून, रिकामी.

ज्याला कळत नाही त्याला सांगते. शेजारची डिश रिकामी परत करायची नसते. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. बेनला हे माझ्याइतकंच माहीत होतं. मी ती डिश रागाने फळीवर आपटली. पाणी घालू नका म्हटलं यात मी काय चुकीचं म्हटलं, असं मी डिशला विचारत होते.

ऑक्टोबरच्या उकाड्यात मला ताप आला. साधाच, व्हायरल. पण अंगातली हाडं वेगवेगळी झाल्यासारखं वाटायचं आणि उठून पाणी प्यायलाही भिंत धरावी लागायची. डॉक्टरकडे जिना उतरून जायची ताकद नव्हती. डब्यातल्या जुन्या गोळ्या घेतल्या. भावाला फोन करावा असं वाटलं, आणि मग तो काय म्हणेल तेही आठवलं, तुलाच हवं होतं ना स्वतंत्र घर. मला नको होतं, पण तो असं म्हणतो. मी फोन केला नाही. पडून राहिले.

पडल्या पडल्या मला पॅसेजमधलं सगळं ऐकू यायचं. पाणी आल्याची गडबड, हंड्यांचे आवाज, वहिनीच्या मुलींची शाळेची घाई, बेनच्या दाराची साखळी. पावलं माझ्या दारावरून जायची. पाण्याचा दिवस आला आणि गेला, कुंडीपाशी कोणी थांबलं नाही. कशाला थांबतील? मीच लिहून ठेवलं होतं ना. माझ्या उशाजवळ गोळ्यांचं पाकीट आणि कोमट पाण्याचा तांब्या, आणि डोळ्यांसमोर सी विंगमधल्या दुधाच्या पिशव्या. तेव्हा मी रडले. ताप होता म्हणून असेल. पण खरं सांगायचं तर तापाचं निमित्त होतं.

बरी झाले. कोणाला कळलंही नाही की मी आजारी होते, म्हणून बरी झाल्याचंही कोणाला कळलं नाही. पहिल्यांदा दार उघडलं तेव्हा झाड पाहिलं. मला अंथरुणातून उठवत नव्हतं तेव्हाही त्याचं काही बिघडलं नव्हतं. चार नवी पानं, ताठ, चमकणारी. मला त्याचा रागच आला.

कागद मी त्याच दिवशी काढला. चार पाण्याचे दिवस गेले, कोणी थेंबही घातला नाही. कागद काढला तरी वाचलेलं थोडंच पुसलं जातं? आणि दार ठोठावून "या, पाणी घाला" म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? मग मी एक केलं. आधी झाडाचा वरचा शेंडा कापला, तीन पानांसकट, आणि जॅमच्या रिकाम्या बाटलीत पाणी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. पाण्यात या झाडाला मुळं सुटतात हे मी ऑफिसात असताना पाहिलं होतं. पुढच्या पाण्याच्या सकाळी दार सताड उघडून, माझी भरलेली कळशी घेऊन कुंडीपाशी गेले आणि उंचावरून, होईल तेवढा आवाज करत, सगळी कळशी ओतली. थाळी भरून पाणी फरशीवर आलं.

समोरचं दार उघडलं. बेन आधी कुंडीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"तुम्ही तर ना बोलला होता, आंटी."

"तेव्हा झाड आजारी होतं," मी म्हटलं. "आता त्याला पाणी लागतंय."

ती आत गेली आणि कळशी घेऊन आली. जागा उरली नव्हती, तरी तिने थोडं घातलं. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली की मी वाळलेय, तब्येत ठीक नव्हती का. मी म्हटलं, थोडा ताप होता. कधी, तिने विचारलं. मी सांगितलं. संध्याकाळी तिच्या मुलाबरोबर खिचडी-कढीचा डबा आला. बरी झाल्यावर आलेली आजाऱ्याची खिचडी मी तीन वेळा पुरवून खाल्ली.

तेव्हापासून जे सुरू झालं ते काही वर्षं चाललं. बाहेरचं झाड बुडायचं आणि आतलं त्याची जागा घ्यायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग लागली. पाइपांच्या पलीकडून जो काय उजेड यायचा तेवढ्यात त्या फांद्या मुळं धरायच्या. मुळं बोटभर झाली की एका डालड्याच्या डब्यात तीन-चार एकत्र लावायच्या. बाहेरच्याचं खोड खाली मऊ लागलं, दोन-तीन पानं पिवळी पडली की दुपारी, सगळी जेवून आडवी झाली की, मी कुंडी आत ओढायचे. सडलेलं काढायचं, वरचा धडधाकट भाग कापून पुन्हा बाटलीत, आतलं नवं बाहेरच्या कुंडीत. माती बदलायची, पानं पुसायची, थाळी घासायची, आणि कुंडी जागच्या जागी, तिचा टवका उडालेला कोपरा भिंतीकडे करून.

दुसरे उपाय केले नाहीत असं नाही. कुंडीच्या बुडाला आणखी भोकं पाडून विटांचे तुकडे घातले, तर पाणी जिन्यावरून पहिल्या मजल्यावर गेलं आणि खालचे भांडायला वर आले. मनीप्लांट लावून पाहिला, तो पाण्यात सुखाने राहतो. पण मनीप्लांट चोरून आणलेला लाभतो अशी सगळ्यांची श्रद्धा, त्यामुळे एकेक वेल करत महिन्याभरात नुसती काठी उरली. शेवटी अॅग्लोनेमाच. त्याला चोरायची कोणाला इच्छा झाली नाही.

वहिनी एकदा पाणी ओतताना म्हणाली की बघा ताई, आम्ही घालतो म्हणून कसं तरारलंय, नाहीतर तुम्ही सुकवलंच असतं. मी म्हटलं, तर काय. आत येऊन दार लावलं आणि पोट धरून हसले. हसता हसता लक्षात आलं की इतकी चांगली गंमत आहे आणि सांगायला घरात कोणी नाही. मग हसू तिथेच राहिलं. मी खिडकीतल्या बाटल्यांतलं पाणी बदललं.

तरी मी सुखात होते, हे कबूल करायला हवं. कधी भाच्याच्या घरी दोन दिवस राहून आले तर परतल्यावर विचारणा व्हायची. एकदा पाण्याच्या दिवशी मला जाग आली नाही, वय झालं की अशी एखादी सकाळ येते, आणि बेल वाजली. वाजतच राहिली. केस पिंजारलेले, तशीच जाऊन दार उघडलं. बेन कळशी घेऊन उभी.

"काही नाही," ती म्हणाली. "पाणी घालत होती. तुमचं दार बंद होतं, म्हणून."

मी चहा टाकला. ती आत येऊन पाच मिनिटं बसली, पहिल्यांदाच, स्वयंपाकघरात. तिच्या मागे खिडकीत बाटल्या होत्या. मी तिला पंख्याखाली बसायचा आग्रह करत होते, पण ती तिथेच बसली आणि चहा पिऊन गेली.

दशक संपत आलं तेव्हा बेनच्या नवऱ्याने मीरा रोडला, पूनम सागरच्या बाजूला, मोठा फ्लॅट घेतला. लिफ्ट, गॅलऱ्या, चोवीस तास पाणी. जायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. आठवण म्हणून तिला झाड हवं होतं. मी म्हटलं, अहो तुमचंच आहे, तुम्हीच वाढवलंय, आणि पॅसेजमधली कुंडी उचलायला वाकले.

"बाहेरचं नको, आंटी," ती म्हणाली. "आतलं द्या. बाहेरचं तर मरतं ना."

मी वाकलेली तशीच राहिले. ती कुंडीकडे बघत होती, टवक्याचा कोपरा भिंतीकडे केलेला होता तिकडे. मी विचारलं नाही की तिला कधीपासून माहीत होतं. तिनेही सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की इतकी वर्षं तीही मरणाऱ्या झाडाला पाणी घालत होती, आणि माझं दार उघडलंय का ते बघत होती. मी आत गेले आणि डालड्याच्या डब्यातलं सगळ्यात चांगलं, सहा पानांचं, तिला दिलं. पाणी बेताचं घाला, मी म्हटलं, आधी मातीत बोट घालून बघा. ती हो म्हणाली. मग आम्ही दोघी रडलो, दारातच, तिची माणसं खोकी उतरवत असताना.

बेनच्या जागी एक जोडपं आलं, दोघंही नोकरीवर. सोसायटीने वर मोठी टाकी बांधली, पिण्याचं पाणीही रोज येऊ लागलं. घरोघरी भिंतीवर फिल्टर लागले, हंडे-कळशा माळ्यावर गेल्या. वहिनीकडेही फिल्टर आला. तिच्या मुली आता कॉलेजात जातात आणि ती कुठेशी कामाला. शिळं पाणी उरत नाही कोणाकडे. मी सकाळी थोडा वेळ दार उघडं ठेवते, सवय म्हणून, आणि पुन्हा लावते. बेनचा सुरुवातीला फोन यायचा.

झाड मात्र एकच राहिलं, बदलावं लागलं नाही. माझ्या कमरेपर्यंत वाढलं. कुंडी मोठी घ्यावी लागली. मागच्या वर्षी त्याला फुलंही आली, पांढरट, मक्याच्या बारक्या कणसासारखी. खिडकीतल्या बाटल्या मी धुऊन ठेवून दिल्या आहेत.

परवा भाची आली होती, लग्नाची पत्रिका द्यायला. जिना चढून आली ती झाडापाशीच थांबली. पानं बोटांनी चाचपून बघितली, एकही पिवळं नाही, एकही डाग नाही. असं झाड तिने नर्सरीतही बघितलं नव्हतं म्हणे.

"आत्या, काय घालतेस गं याला?"

"काही नाही," मी म्हटलं. "हल्ली याला कोणी पाणी घालत नाही."